आमच्याआधी आलेले दोघं

१

सकाळी जाग आली की आधी धर्मेंद्रच्या छातीतली टिकटिक ऐकायची आणि मग डोळे उघडायचे, हा माझा तेव्हा दोन वर्षांचा नेम होता. त्याच्या हृदयात धातूची झडप आहे. नागपूरला ऑपरेशन झालं तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. खोली शांत असली की ती झडप मनगटी घड्याळासारखी वाजते. सुरुवातीला त्याला त्या आवाजानं झोप यायची नाही. पुढे मला त्या आवाजाशिवाय येईनाशी झाली.

मी प्रतिक्षा. माहेर पवनी तालुक्यातल्या आसगावचं. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला त्या वर्षी मी सातवीत होते. आमच्या शाळेच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा रंगवलेला होता, त्याच्या उजव्या अंगाला गुरुजींनी चुना मारून घेतलेला आठवतो. धर्मेंद्र चिखल्याचा, मँगनीजच्या खाणीच्या वसाहतीत वाढलेला. त्याचे बाबा, गोमाजी, तीस वर्षं खाली उतरले आणि रिटायर झाल्यावर दोनच वर्षांत गेले. आम्ही भेटलो पुण्यात. मी तिथं स्पॅनिश शिकले आणि भाषांतराचं काम करू लागले. तो एका कंपनीत होता. बाहेर आम्ही पुणेरी बोलायचो. भांडण आणि लाड मात्र आमच्याकडच्याच बोलीत.

ऑपरेशननंतर तो एकदा म्हणाला, "प्रती, जिथली भाषा तुले येते, थे मुलूख पाहू न एकदा. मांगून पाहू, मांगून पाहू करत राहिलो तं राहून जाईन." म्हणून दोन हजार अठराच्या फेब्रुवारीत पाठीवर एकेक पिशवी घेऊन आम्ही दक्षिण अमेरिकेत उतरलो. डॉक्टरांनी फार उंचावर जाऊ नका म्हटलं होतं, म्हणून मोठी उंच शहरं वगळली. सत्तर दिवस फिरलो. शेवटचे पाच दिवस बोलिव्हियातल्या सुक्रे शहरात राहायचं आणि तिथून घरी, असं ठरलं.

सुक्रे पांढरं शहर आहे. सगळ्या भिंती चुन्यानं रंगवलेल्या, वर लाल कौलं. रात्रभराच्या बसनं पोचलो, दोन्या एलेना, म्हणजे एलेनाबाई, यांच्या घरी पिशव्या टाकल्या आणि तसेच बाजारात गेलो. तिथं फळांचा रस विकणाऱ्या बायकांची एक ओळच आहे, उंच ओट्यांवर बसलेल्या. आम्ही पहिल्याच ओट्यापुढे थांबलो. बाईनं आमच्याकडे पाहून हसून विचारलं, "कालच्यासारखाच? साहेबांचा बिनसाखरेचा?"

धर्मेंद्र रस बिनसाखरेचाच पितो. पण काल आम्ही या शहरात नव्हतो.

मी शब्दांवर पोट भरणारी बाई. मला आधी माझ्याच कानाची शंका आली. मी पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं.

"आपल्यासारखे कोनी दुसरे असन," धर्मेंद्र म्हणाला.

"सत्तर दिवसांत आपल्यासारखे किती दिसले तुले?"

"आपन फिरून राहिलो तसे थे बी फिरून राहिले असतीन. पी तू रस."

रस छान होता.

२

दोन्या एलेनांचं घर मधोमध चौक असलेलं. चौकात कुंड्या, भोवती वरच्या मजल्यावर लाकडी सज्जा, आणि सज्ज्याच्या टोकाला आमची खोली. खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि पलंगासमोर जुनं कपाट, दाराला उभा आरसा लावलेलं. खोलीच्या दाराची कडी नीट बसत नसे. वारा आला की दार दोन बोटं उघडायचं आणि परत लागायचं. पहिल्या रात्री धर्मेंद्रनं कागदाची घडी करून ते दार अडवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेकडीवरच्या मठाकडे निघालो. तिथं पांढऱ्या कमानींची ओळ आहे, तिच्याखाली बसून सगळं शहर दिसतं. चढ उभा होता. मी दर वळणावर त्याच्या तोंडाकडे पाहत होते, ओठ निळे पडतात का म्हणून. त्याला ते कळत होतं.

"मले नको पाहू. शहर पाह्य. शहरासाठी आलो आपन."

वर एक म्हातारा रखवालदार झाडत होता. त्यानं झाडू थांबवला आणि धर्मेंद्रला टोपी काढून नमस्कार केला. "आज तब्येत बरी दिसते," तो म्हणाला. "काल तर साहेब तीनदा बसले चढताना. बाई पाणी पाजत होत्या."

मी ते मराठीत सांगितलं तेव्हा धर्मेंद्र खो खो हसला. मग कंबरेत वाकला, एक हात पाठीवर ठेवला, आणि थरथरत्या आवाजात म्हणाला, "अवो म्हातारे, पानी दे वो." कमानीखालच्या दोन मुली पण हसल्या. मीही हसले. रखवालदार मात्र हसला नाही. तो त्या नकलेकडे लक्ष देऊन पाहत होता, आणि मग त्यानं मान हलवली. हो, असेच.

उतरताना मी मनाशी हिशेब लावत होते. परके लोक आपल्याला सगळे सारखेच दिसतात. आम्हाला नाही का सुरुवातीला तिथल्या सगळ्या बायका एकसारख्या दिसायच्या? एखादं वयस्क गुजराती जोडपं असेल, बंगाली असेल. सावळा रंग आणि पाठीवर पिशव्या एवढंच या लोकांच्या लक्षात राहिलं असेल. हे पटण्यासारखं होतं. मला ते खालच्या चौकापर्यंत पटलं.

३

तिसऱ्या दिवशी रसवालीनं ओट्याखालून एक चष्मा काढून माझ्यापुढे धरला. "तुम्ही विसरलात."

मी चष्मा लावत नाही. तसं म्हटलं तर तिनं तो माझ्या हातातच कोंबला. जाड काचांचा, वाचायचा चष्मा. मी डोळ्यांना लावून पाहिला तर समोरची फळं विरघळून गेली. एक काडी तुटलेली होती आणि ती पिवळ्या तारेनं गुंडाळून बांधलेली होती.

धर्मेंद्रनं चष्मा माझ्या हातातून घेतला आणि बराच वेळ ती तार बघत राहिला.

"काय झालं?"

"बत्तीची तार आहे ही."

खाणीत सुरुंग उडवायला जी रंगीत तार वापरतात, तिचे उरलेले तुकडे चिखल्याच्या घराघरांत असतात. तिच्या टोपल्या विणतात, बादलीचे कान बांधतात, चपलाही शिवतात. माझ्या सासूच्या, मंगलाबाईंच्या, झाऱ्याची मूठ याच तारेनं बांधलेली आहे.

"इथंही खाणी आहेत," मी म्हणाले. "इथून चार तासांवर चांदीचा अख्खा डोंगर आहे. तिथल्या लोकांकडेही असेलच अशी तार."

"हाव. असन." तो तारेच्या शेवटावर अंगठा फिरवत होता. "गाठ बाबा मारत थे तसी आहे. आत दुमडून. मी बी तसीच मारतो."

चष्मा आम्ही तिलाच परत दिला, ज्यांचा असेल ते येतील म्हणून. ती नाइलाजानं हसली, जणू आम्ही तिची थट्टा करतोय.

त्या दिवशी पुढे आम्ही फार फिरलो नाही. चौकातल्या बाकावर बसून मक्याचं गरम जांभळं पेय प्यायलो. त्यानं माझा हात आपल्या कोटाच्या खिशात घेतला. गर्दीतून कोणी पांढऱ्या केसांचं जाताना दिसलं की दोघांचीही मान तिकडे वळत होती.

४

चौथ्या दिवशी सकाळी आठला मंगलाबाईंना फोन लावला. चिखल्यात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. दर चार दिवसांनी याच वेळेला आम्ही बोलायचो. मी जय भीम केला, खुशाली सांगितली आणि फोन स्पीकरवर ठेवला.

"आई, चार दिवस झाले बोलून, मनून लावला," धर्मेंद्र म्हणाला.

"कायचे चार दिवस? काल नाई बोलला का तू? याच टायमाले."

आदल्या दिवशी या वेळेला आम्ही बाजारात होतो, तो चष्मा हातात घेऊन. फोन माझ्या पिशवीत होता.

"मी नाई लावला, आई."

"तूच होता रे. आवाज बसला होता तुहा. मले तं पयले तुह्या बापाचाच भास झाला." मंगलाबाईंच्या मागे कुकरची शिटी झाली. "नंबर बी नाई आला काही. मी मनलं, बाहेरदेशचा फोन असाच येत असन."

धर्मेंद्र पलंगाच्या काठावर बसला. "काय बोललो मी?"

"काही नाई. तीनदा तेच इचारलं. आई, तू जेवली का. मी मनलं, हाव बापा, जेवली. मंग मनते, आई, तू बोलत राह्य. काही बी बोल. मी मनलं, काय बोलू, माही भाजी करपून राहिली चुलीवर." त्या थांबल्या. "रडून राहिला होता का रे तू? बरं आहे न तुह्याइकडे?"

"बरं आहे, आई."

"प्रतिक्षा, बाई, याची गोळी चुकून तं नाई राहिली?"

"नाही आई. मी स्वतः देते रोज."

फोन ठेवल्यावर त्यानं माझ्या आणि त्याच्या, दोन्ही फोनांवरची यादी पाहिली. काहीच नव्हतं. मी म्हटलं, आई एकट्या असतात, दुपारी डोळा लागला असेल, स्वप्न पडलं असेल. मुलाची काळजी करणाऱ्या बाईला असं स्वप्न पडणारच. मला स्वतःलाच माझं बोलणं कोर्टातल्या वकिलासारखं वाटलं.

"विमान उद्या संध्याकाळचं आहे," मी म्हणाले. "आजच दुसरीकडे राहायला जाऊ या का?"

तो खिडकीतून कौलांकडे पाहत होता. "कायले? थे आपल्याले काही करून नाई राहिले. रस पितात, टेकडी चढतात." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "प्रती, थो इतक्या लांबून फक्त इचारून राहिला होता, आई जेवली का."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी जवळ गेले आणि त्याच्या छातीला कान लावून उभी राहिले. टिक, टिक, टिक. एकाच चालीत.

५

सुक्रेत दुपारी साडेबारा ते तीन सगळं बंद असतं. दुकानांची दारं लागतात, रस्ते रिकामे होतात, आणि पांढऱ्या भिंतींवर एवढं ऊन असतं की डोळे बारीक करून चालावं लागतं. शेवटच्या दिवशी आम्ही अशाच वेळेला परतलो. पिशव्या भरायच्या होत्या.

चौकात दोन्या एलेना वाटाणे सोलत बसल्या होत्या. आम्हाला दारातून येताना पाहून त्यांचा हात थांबला.

"तुम्ही? आत्ताच तर वर गेलात."

मी धर्मेंद्रकडे पाहिलं.

"साहेबांनी बाईंना कोपराला धरलं होतं. एकेक पायरी करत गेले. मी म्हटलं मदत करू का, तर ते नको म्हणाले." त्यांनी जिन्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि मग पुन्हा वाटाण्यांकडे. शेंग हातात तशीच राहिली.

आम्ही जिना चढलो. कोण आधी निघालं ते आठवत नाही. सज्ज्यावर ऊन तिरपं पडलं होतं आणि पायांखाली फळ्या करकरत होत्या. आमच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. सकाळी मी कुलूप लावलं होतं; ते कडीत उघडं लटकत होतं.

दारापासून दोन हातांवर धर्मेंद्रनं माझा दंड धरला. "ठोकू नको."

आम्ही उभे राहिलो. चौकात कबुतरं घुमत होती. ती थांबली तेव्हा मला टिकटिक ऐकू आली. ती माझ्या डाव्या बाजूनं येत होती, जिथं तो उभा होता. आणि दाराच्या आतूनही येत होती, जरा संथ. दोन्ही आवाज थोडा वेळ जुळत आणि मग पुन्हा सुटत.

मग आतून कोणीतरी बोललं.

"अवो, पानी तापलं. उठतं का?"

त्या अख्ख्या शहरात आमची बोली बोलणारी माणसं दोनच होती, आणि ती दोन्ही दाराबाहेर उभी होती.

आवाज त्याचाच होता. खरखरीत झालेला, दम लागणारा, पण शब्द संपवताना तो जसा जरासा खाली येतो तसाच. उत्तराला जागा ठेवावी तेवढा वेळ शांतता गेली. कोणी उत्तर दिलं नाही.

"बरं. निज मंग. निज थोडीसी. मी आहो न इथंच."

मग पाण्यात फडकं पिळल्याचा आवाज.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण तिच्याआधी दुसरंच काहीतरी येऊन गेलं. ऑपरेशनच्या दिवसापासून मी त्याच्या वाढदिवसांना भ्यायचे. दर वेळी वाटायचं, अजून किती? आणि आत तो म्हातारा झालेला होता. खूप म्हातारा.

वारा आला. दार दोन बोटं उघडलं.

पलंगाच्या काठावर कोणीतरी बाहेर पाठ करून बसलं होतं. बनियन, वाकलेले खांदे, मानेवर पांढरे केस, आणि मानेच्या डाव्या बाजूला तो तीळ, जो त्याला कधीच दिसत नाही आणि मला रोज दिसतो. पलंगावर त्याच्यापलीकडे चादर होती. चादरीखाली काही होतं की नव्हतं ते त्याच्या पाठीमुळे कळत नव्हतं. पण समोर कपाटाचा आरसा होता. नजर जराशी वर केली असती तर त्यात सगळा पलंग दिसला असता.

मी नजर वर केली नाही. मी खाली, उंबऱ्याकडे पाहिलं.

दार परत लागलं. धर्मेंद्रनं माझा दंड एवढा घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथं चार बोटं उमटलेली होती. किती वेळ गेला कोण जाणे. खालच्या रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर वर केलं, आणि त्या खडखडाटानंतर टिकटिक एकच राहिली.

त्यानं दार ढकललं. खोलीत कोणी नव्हतं. पलंग आम्ही सकाळी सोडला तसाच होता, चादर विस्कटलेली. खुर्चीखाली फरशी ओली होती, तांब्या ठेवल्यावर राहते तेवढी गोल.

आम्ही पिशव्या भरल्या.

६

तीन विमानं आणि दोन दिवस. या सगळ्या वेळात आम्ही एकमेकांशी तिकिटं, पाणी, गोळी एवढंच बोललो. तो झोपला की मी जागी राहायचे आणि मी झोपले की तो, हे मला नंतर कळलं. नागपूरहून तुमसर, तुमसरहून चिखला. बस खनिजाच्या ट्रकांमागून काळी धूळ खात गेली. मंगलाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि डावीकडे-उजवीकडे वळवून पाहिला, भाजी घेताना पाहतात तसा.

"नाई," त्या म्हणाल्या. "आवाज तं बराच आहे तुहा." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

संध्याकाळी अंगणात खाट टाकली. आत त्यांचा भाकरी थापल्याचा आवाज येत होता. शेजारच्या चंद्रकांताबाई येऊन, परदेशात भात मिळतो का ते विचारून गेल्या. त्या गेल्यावर धर्मेंद्र खाटेवर आडवा झाला आणि आभाळाकडे पाहत म्हणाला,

"त्या दाराशी तुले काय आईकू आलं?"

"आधी तू सांग."

"मी पाहिलं नाई काही. तू म्होरं होती." त्यानं एक हात डोक्याखाली घेतला. "तू बोलून राहिली होती आतून. आवाज तुह्या आईसारखा झाला होता, घोगरा. सत्तर तरी असशीन."

मी ओट्यावर बसले होते. माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला.

"मले रागावून राहिली होती. गोळी घ्या मनून. मले 'तुमी' मनत होती." त्याला जरा हसू आलं. "मी काही बोलत नोहतो. मंग तू मनली, बरं, ऱ्हाऊ द्या, मंग घ्या. आन काही तरी घडी करून राहिली होती. कपड्याची."

"आणि तू?"

"मी नोहतो. तू एकटीच बोलत होती."

आत भाकरी तव्यावर पडल्याचा आवाज आला. रस्त्यावरून खाणीतली पाळी सुटलेली माणसं सायकलींवर चालली होती.

"प्रती, खरं सांगू? मले भेव नाई वाटला," तो म्हणाला. "मले बरं वाटलं. मी मनलं, हे आहे न. ही म्हातारी होते. मंग झालं. माहं काही का होईना."

मला तेव्हा कळलं की त्या दाराबाहेर आम्ही दोघं एकाच तऱ्हेनं सुखावलो होतो, पण त्यानं मला म्हातारं झालेलं ऐकलं होतं आणि मी त्याला. माझ्याजवळ जे होतं ते सांगितलं तर त्याच्याकडचं हे एवढं सुख जाणार होतं. पांढरे केस, ओलं फडकं, उत्तरासाठी ठेवलेली जागा. त्याला आयुष्यभर ते घेऊन माझ्या शेजारी झोपावं लागलं असतं.

"मी बी तेच आईकलं," मी म्हणाले. "माहाच आवाज. तुह्यावर ओरडून राहिली होती."

तो कोपरावर उठला आणि माझ्याकडे पाहू लागला. अंगणातल्या दिव्याचा उजेड त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर होता. तो बराच वेळ पाहत राहिला, आणि मी या वेळी नजर खाली नेली नाही.

"खोटं बोलून राहिली तू," तो हळूच म्हणाला, आणि खाटेवर सरकून त्यानं मला जागा केली.